नस काढली, तरी दाढ का दुखते?

दातांच्या तक्रारी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची आहेत. रूट कॅनॉल झाली, पैसे भरून झाले आणि दाढ अजून दुखतेच आहे. कुणाला चार दिवस झालेत, कुणाला वर्ष होत आलं. चार दिवसांचं दुखणं आणि वर्षाचं दुखणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्यानं स्वतःला लावून घेऊ नये. वाचताना तुमचंच दुखणं कुणी लिहिलंय असं वाटेल, अशी पत्रं निवडली आहेत. नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी फलटणला शाळेत शिकवते. वय ४१. उजवीकडची खालची दाढ आधी थंड पाण्यानं झिणझिणायची, मग रात्री ठणकायला लागली. गेल्या शनिवारी एकाच बैठकीत रूट कॅनॉल पूर्ण केली. डॉक्टर म्हणाले, नस काढून टाकली, आता दुखणार नाही. आज चौथा दिवस. थंड-गरम काही लागत नाही, पण वरचा दात खालच्या दाढेवर टेकला की कळ येते. भाकरी तर चावताच येत नाही. नसच नाही, तर दुखतंय काय? जाऊबाई म्हणतात, काढूनच टाक एकदाची.

उत्तर : ताई, थंड-गरम लागत नाही हे तुम्ही आठवणीनं लिहिलंत, त्यामुळे माझं काम निम्मं झालं. दाढेच्या आतली नस गेली आहे, यात शंका नाही. आता दुखतंय ते दाढेच्या बाहेर.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचं एक पातळ अस्तर असतं आणि त्याला स्वतःच्या नसा असतात. भात खाताना बारीकसा खडा आला तर ज्या क्षणी तुम्ही थांबता, तो क्षण या अस्तरामुळे कळतो. रूट कॅनॉलमध्ये दाताच्या पोटातली नस निघते, या अस्तराच्या नसा तशाच राहतात. त्या राहायलाच हव्यात, नाहीतर दात किती जोरानं चावतोय हे कळणारच नाही.

तुमची दाढ रात्री ठणकत होती, म्हणजे आतली सूज मुळाच्या टोकापर्यंत पोचत आली असणार. त्यात आम्ही बारीक फाइल्स घालून मुळातल्या नळ्या घासतो, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकानं धुतो, मग गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरतो. हे सगळं मुळाच्या टोकाच्या अगदी जवळ चाललेलं असतं. कितीही जपून केलं तरी थोडा कचरा टोकापलीकडे सरकतो आणि अस्तर सुजतं. सुजलं की दाढ किंचित वर उचलली जाते, आणि तोंड मिटताना सगळ्यांत आधी तीच टेकते. म्हणून टेकली की कळ.

हे दुखणं पहिले दोन दिवस सर्वांत जास्त असतं. मग उतरत जातं. बहुतेकांचं आपोआप ठणकणं आठवड्याच्या आत थांबतं, आणि चावताना हळवेपणा राहिला तरी तो दोनेक आठवड्यांत जातो. ज्यांची दाढ उपचाराआधी जास्त ठणकलेली असते, त्यांना नंतरही जास्त दुखतं. मी माझ्या पेशंटला एवढंच विचारते : परवापेक्षा आज कमी आहे का? कमी असेल तर वाट पाहायची. चौथ्या दिवशी चावताना दुखणं हे उपचार फसल्याचं लक्षण नाही.

मात्र तुम्ही ‘टेकली की’ असं लिहिलंय, म्हणून एक काम उद्याच करा. ज्यांनी उपचार केला त्यांच्याकडे जा आणि भरण उंच राहिलंय का ते पाहायला सांगा. इंजेक्शननं जबडा बधिर असताना पेशंटला उंची कळत नाही, ‘बरोबर आहे’ असंच तो सांगतो. रंगीत कागद दातांमध्ये धरून चावायला सांगतात, जिथे गडद डाग उमटतो तिथे थोडं घासतात. इंजेक्शन लागत नाही, पाच मिनिटांत होतं, आणि कित्येकांना त्याच रात्री झोप लागते. यासाठी जायला संकोच करू नका. तुम्ही तक्रार करायला जात नाही आहात, राहिलेलं काम पूर्ण करून घ्यायला जाताय.

गोळीबद्दल. या दुखण्याला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी चांगली चालते. सूज हे मूळ कारण आहे आणि आयबुप्रोफेन सूज उतरवतं. पण ते जेवणानंतरच घ्यायचं. ज्यांना किडनीचा त्रास आहे, पोटात अल्सर झालेला आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत किंवा वेदनाशामकानं दमा उसळतो, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पावसाळ्यात आणखी एक लक्षात ठेवा : दाढदुखीच्या जोडीला ताप आणि अंगदुखी असेल आणि गावात डेंग्यू असेल, तर रक्त तपासेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. या दोन औषधांची एकत्र गोळीही दुकानात मिळते. ती चालू असताना वरून वेगळी पॅरासिटामॉल घेतली की नकळत डोस वाढतो. चोवीस तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर त्याच्याही बऱ्याच आत थांबायचं.

अँटिबायोटिक मागू नका. मेडिकलवाल्यानं स्वतःहून दिलं तरी घेऊ नका. त्यानं हे दुखणं थांबत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ मध्ये याबद्दल स्पष्ट सूचना काढल्या आहेत : अँटिबायोटिक लागतं ते सूज पसरत असेल, ताप असेल, अंग मोडून आलं असेल तेव्हा. नुसत्या ठणक्यासाठी नाही.

लवंगेचं तेल तुमच्या दाढेला आता उपयोगाचं नाही, कारण ते आतल्या नसेला बधिर करतं आणि ती नस तुमच्याकडे नाही. उलट हिरडी भाजते. मिश्री लावून दाढ शेकण्याची सवय घरात कुणाला असेल तर तीही तंबाखूच आहे, जखम भरायला अडथळा करते. गालावर गरम पिशवी धरू नका. सूज वाटली तर पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून. भाकरी काही दिवस आमटीत कुस्करून, दुसऱ्या बाजूनं.

आणि जाऊबाईंना सांगा, दाढ काढण्याची काहीही घाई नाही. कायमचं भरण आणि वर कॅप, एवढं मात्र वेळेत करून घ्या.

प्रश्न : मी बार्शीचा, वय ४८, धान्याचं दुकान आहे. डावीकडची वरची मोठी दाढ आठ महिन्यांपूर्वी रूट कॅनॉल केली. ठणका गेला म्हणून कॅप बसवायला गेलो नाही, दुकान सोडून जायला जमलं नाही. दोन महिन्यांपासून दाढेवर दाब आला की मंद दुखतं. हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, खारट लागतं, मग महिनाभर काही नाही. आमच्याकडे म्हणतात वरची दाढ काढली की डोळ्याला इजा होते, म्हणून काढायची भीती वाटते. पुन्हा रूट कॅनॉल करतात का?

उत्तर : दादा, करतात. पण आधी कशासाठी करायची ते ठरवू या.

हिरडीवरची पुटकुळी म्हणजे पू बाहेर पडायची वाट आहे. वाट मोकळी असते तोवर फारसं दुखत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं काढतात. आत मात्र मुळाच्या टोकाशी हाड झिजत असतं. तुमचं दुखणं फलटणच्या ताईंच्या अगदी उलट दिशेनं चाललंय : त्यांचं उतरतंय, तुमचं सहा महिने थांबून पुन्हा सुरू झालं. थांबून परत आलेलं दुखणं म्हणजे जंतू पुन्हा शिरले किंवा आधीपासूनच कुठेतरी राहिले होते.

वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात आणि नळ्या तीन समजून काम केलं जातं. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक लोकांमध्ये पुढच्या गालाकडच्या मुळात एक चौथी, अतिशय बारीक नळी असते. तिचं तोंड दाताच्या आतल्या कठीण थराखाली दडलेलं असतं. मायक्रोस्कोप किंवा चांगल्या भिंगाशिवाय ती सापडणं अवघड, आणि ती राहिली की आतला मेलेला भाग जंतूंना वर्षभर पुरतो. पुन्हा दुखणाऱ्या वरच्या दाढेत मी सर्वांत आधी ही नळी शोधते.

दुसरी शक्यता तुम्ही स्वतःच लिहिली आहे. कॅप बसवली नाही. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतं असतं. ते झिजलं की लाळ झिरपते आणि लाळेबरोबर जंतू. आतलं भरण तीन महिन्यांहून जास्त काळ लाळेच्या संपर्कात राहिलं असेल तर ते पुन्हा करण्याचा विचार करावाच लागतो, मग पहिलं काम कितीही सुबक असो. शिवाय कॅप नसलेली, आतून पोकळ झालेली दाढ चावताना तडकते. तडा मुळापर्यंत गेला तर तिथे कोणतीही रूट कॅनॉल चालत नाही.

म्हणून काम कराल तर या क्रमानं. पुटकुळी असेल त्या दिवशी जा, ती फुटून बसल्यावर नाही. तिच्या तोंडातून गटापर्चाची बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढला की काडी नेमकी ज्या मुळाशी जाते, ते मूळ दोषी. एक्स-रे एकाऐवजी दोन, थोडा कोन बदलून, कारण समोरासमोर असलेल्या नळ्या सरळ फोटोत एकावर एक येतात. डॉक्टर बोथट सळईनं हिरडी मोजतील. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच जागी अचानक सळई खोल गेली, तर तड्याची शंका घ्यायची. शंका फिटत नसेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा छोटा स्कॅन. आपल्याकडे तो सरसकट सगळ्यांना काढायला सांगतात ते मला पटत नाही, पण तुमच्यासारख्या दाढेत त्याचे पैसे वसूल होतात.

तडा नसेल तर दाढ वाचायची चांगली शक्यता आहे. जुनं भरण काढून, चौथी नळी शोधून, धुऊन पुन्हा भरायचं. त्यानंही बरं झालं नाही तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापून बंद करता येतं. तडा असेल तर दाढ काढावी लागेल, आणि तेव्हा डोळ्याची काळजी करू नका. वरच्या दाढेच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत, दाढ काढली म्हणून नजर जात नाही. उलट पू तसाच ठेवला तर सूज डोळ्यापर्यंत चढू शकते.

खर्चाचं लिहिलं नाहीत, पण दुकान बंद ठेवायचा हिशेब तुमच्या मनात असणार. पुन्हा करायची रूट कॅनॉल पहिलीपेक्षा महाग पडते. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, इथे या कामाचा वेगळा विभाग आहे, एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण, करणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात आणि खर्च खासगीपेक्षा खूपच कमी येतो. खेपा मात्र जास्त होतात. येताना जुना एक्स-रे घेऊन या. आणि उपचारानंतर हाड भरून यायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त, म्हणून महिन्याभरानंतरच्या फोटोत काळा डाग दिसला तर घाबरून जाऊ नका.

प्रश्न : मी नाशिकची, वय ५२. दोन वर्षांपूर्वी डावीकडच्या खालच्या दाढेची रूट कॅनॉल केली. दुखणं थांबलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा केली. थांबलं नाही. मग शेजारच्या दाढेची केली. शेवटी पहिली दाढ काढली. आता जिथे दाढ नाही त्या जागीच दुखतं. जळजळ आणि आतून दाबल्यासारखं, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, रात्री मात्र झोप लागते. फोटो सगळे नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं, यांना मानसोपचाराची गरज आहे. तेव्हापासून घरात मी दुखतंय म्हणायचं सोडून दिलंय. उरलेल्या दाढा काढून टाकल्या तर सुटका होईल का?

उत्तर : नाही ताई. आणखी एकही दाढ काढू देऊ नका. कुणी म्हटलं तरी नाही, तुम्ही स्वतः हट्ट धरलात तरी नाही.

तुमचं दुखणं खरं आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, दात दिसतो, भरण दिसतं. वेदना एक्स-रेमध्ये दिसत नाही. फोटो नॉर्मल म्हणजे पेशंट बरा, असं समजणारे माझ्या व्यवसायात आहेत याचं मला वाईट वाटतं. तुमच्या समोर न बोलता यजमानांना बाजूला घेऊन सांगणं तर मुळीच योग्य नव्हतं.

मिनेसोटा विद्यापीठातले डोनाल्ड निक्सडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेले अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये एक आकडा मांडला : रूट कॅनॉलनंतर सहा महिने उलटूनही दुखत राहतं असे साधारण ५ टक्के लोक असतात. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचं दुखणं दातातून येतच नव्हतं. इतक्या रूट कॅनॉल होतात, तेव्हा तुमच्यासारख्या कितीतरी बायका आणि पुरुष एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत असणार आणि प्रत्येक ठिकाणी एकेक दात गमावत असणार.

मग दुखतंय कुठून? मी पत्रावरून निदान करणार नाही, पण तुमच्या वर्णनातून एक शक्यता ठळक दिसते. दातातली नस काढणं म्हणजे एक छोटी चेताच तोडणं आहे. बहुतेकांत ती जागा शांतपणे भरून येते. काहींमध्ये मात्र तिथून मेंदूकडे जाणारी वाट हळवी होऊन बसते आणि काहीही बिघडलेलं नसताना दुखण्याचा निरोप जात राहतो. हात किंवा पाय कापावा लागलेल्या माणसाला नसलेली बोटं दुखतात, त्याच जातीचं हे. ज्यांना उपचाराआधी महिनोन्‌महिने दुखत होतं, ज्यांना डोकेदुखी, पाठदुखी असं आणखी कुठलं जुनं दुखणं आहे, त्यांच्यात हे जास्त आढळतं. दिवसभर एकसारखं जळणं, बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा, गाढ झोपेत न जागवणं, आणि दात काढल्यावरही तिथेच राहणं, हे सगळं तुम्ही लिहिलेलंच आहे. याला सुरी लावली की वाट आणखी हळवी होते. म्हणून इतक्या उपचारांनंतरही तुमचं थांबलं नाही.

पण दोन गोष्टी आधी तपासून घ्यायच्या. एक म्हणजे जबड्याचे स्नायू. गालातला चावण्याचा जाड स्नायू आखडला की त्याचं दुखणं थेट खालच्या दाढांत जाणवतं. आरशासमोर दात घट्ट मिटा, गालावर जो फुगवटा येतो तिथे बोटानं दाबा आणि दहा सेकंद धरून ठेवा. नेमकं तेच ओळखीचं दुखणं उठलं, तर तुमची दाढ निर्दोष आहे. सकाळी जबडा जड वाटणं, झोपेत दात खाणं, तोंड पूर्ण न उघडणं हेही विचारलं जाईल. यावर शेक, जबड्याचे व्यायाम, रात्री दातांवर घालायची पट्टी आणि दिवसा दात एकमेकांना न टेकवण्याची सवय, एवढ्यावर बराच फरक पडतो.

दुसरी म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. ते तुमच्यासारखं दिवसभर राहत नाही. वीज चमकावी तशी सेकंदभराची भयंकर कळ, तोंड धुताना, दात घासताना, गालाला वारा लागला तरी, आणि मधल्या वेळात काहीच नाही. तुमचं तसं दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाचं असेल तर दंतवैद्याकडे नाही, न्यूरॉलॉजिस्टकडे जा. एमआरआय काढतात, कार्बामाझेपिन नावाची गोळी देतात आणि ती फार चांगली लागू पडते. ती सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

तुम्ही आता दंत महाविद्यालयात ‘ओरल मेडिसिन’, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या विभागात जा, दात भरणाऱ्या विभागात नाही. सोबत सगळे एक्स-रे तारखांच्या क्रमानं लावून न्या आणि एका कागदावर लिहा : कधी सुरू झालं, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, कोणत्या उपचारानंतर काय बदललं. ते त्या जागी बधिर करायचं इंजेक्शन देऊन पाहतील. जागा पूर्ण बधिर झाली आणि दुखणं तसंच राहिलं, तर मूळ दुसरीकडे आहे हे तुमच्या डोळ्यांसमोर सिद्ध होईल. माझं म्हणणं असं आहे की लागोपाठ दुसऱ्यांदा त्याच दाढेला हात लावण्याआधी प्रत्येक डॉक्टरनं एवढं करावंच.

औषध म्हणून बहुधा रात्री घ्यायची ॲमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत, किंवा गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांतलं एखादं लिहून देतील. दुकानदार म्हणेल, ही डिप्रेशनची गोळी आहे. त्यानं मागे हटू नका. एवढ्या लहान मात्रेत ती मनासाठी नाही, हळव्या झालेल्या नसांसाठी देतात. तोंडाला कोरड पडते, सकाळी थोडी सुस्ती राहते. गुण यायला काही आठवडे लागतात आणि दुखणं शून्यावर येईलच असं नाही, पण त्याच्यासोबत जगता येईल इतकं ते खाली येऊ शकतं. दोन वर्षांच्या दुखण्यानं मन थकलं असेल तर समुपदेशनाचाही उपयोग होतो. ते दुखण्याचा परिणाम म्हणून, कारण म्हणून नाही.

आणि हे पान यजमानांना वाचायला द्या.

प्रश्न : पुण्याहून लिहितोय. वडील ६६ वर्षांचे, मधुमेह आहे. दीड महिन्यापूर्वी डावीकडच्या खालच्या दाढेची रूट कॅनॉल झाली. घरी बसून असले की काही नाही. सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढायला लागले की डावा जबडा दुखतो, थांबले की दोन-तीन मिनिटांत जातो. डॉक्टर म्हणतात दाढ व्यवस्थित आहे. पुन्हा एक्स-रे काढावा का?

उत्तर : तुमच्या पत्रावर फोन नंबर होता, त्यामुळे अंक छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला कळवलं आहे आणि तपासण्या सुरू झाल्या आहेत. इतरांसाठी इथे लिहिते. दाढ जिना चढताना दुखत नाही, चावताना दुखते. चालल्यावर सुरू होणारं आणि थांबल्यावर जाणारं जबड्याचं दुखणं हृदयाचं समजायचं, छातीत काही होत नसलं तरी. मधुमेह असलेल्यांमध्ये तर छातीत न दुखताही हृदयाला त्रास होऊ शकतो. आधी हृदयरोगतज्ज्ञ, दाढ नंतर. आणि बसल्या जागी असं दुखून घाम फुटला, दम लागला, तर थेट हॉस्पिटल, दवाखाना उघडायची वाट पाहायची नाही.

प्रश्न : भाऊ १९ वर्षांचा, लातूरला हॉस्टेलवर असतो. रूट कॅनॉलची एक बैठक झाली, दुसरीला परीक्षेमुळे गेला नाही. काल फोनवर म्हणाला गाल सुजलाय, तोंड नीट उघडत नाही, मेडिकलमधून गोळ्या आणल्यात. काय करावं?

उत्तर : तोंड न उघडणं ही गोळ्यांवर काढायची गोष्ट नाही. त्याला आजच दवाखान्यात पाठवा. दाढ उघडून पू काढून दिला की सूज उतरते. त्याशिवाय अँटिबायोटिक अपुरं पडतं. सूज जबड्याखाली, गळ्याकडे सरकत असेल, जिभेखाली फुगवटा येत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, आवाज जड झाला असेल, तर दंतवैद्याच्या दवाखान्यात नाही, मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात. रात्री दोन वाजले असले तरी. अशा सुजेनं श्वासनलिका दाबली जाते आणि त्यात जीव गेलेले आहेत. परीक्षा पुढच्या वेळी देता येते.

प्रश्न : मी चिपळूणची. सातवा महिना चालू आहे. गेल्या आठवड्यात दाढेच्या रूट कॅनॉलची पहिली बैठक झाली, एक नस राहिली म्हणाले. रात्री दुखतं. सासूबाई म्हणतात बाळंतपण होईपर्यंत दाताला हात लावायचा नाही. तोवर कोणती गोळी चालेल?

उत्तर : सासूबाईंची काळजी समजते, पण अर्धवट सोडलेल्या दाढेचा ठणका आणि जंतुसंसर्ग तुम्हाला आणि बाळाला उपचारापेक्षा जास्त जड जाईल. राहिलेली नस काढून घ्या. बधिर करायचं नेहमीचं लिग्नोकेनचं इंजेक्शन गरोदरपणात चालतं, आणि पोटावर शिशाचा ॲप्रन घालून काढलेल्या दातापुरत्या एक्स-रेनं बाळाला धोका नाही. जाण्याआधी तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना फोन करून कल्पना द्या.

गोळी पॅरासिटामॉलच, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांच्या एकत्र गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर घ्यायच्या नाहीत. बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. तुमच्या महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीलाही त्यांचा धोका असतो. घरात दुसऱ्या कुणासाठी आणलेली दाढदुखीची गोळी असेल तर नाव वाचल्याशिवाय घेऊ नका.

अपॉइंटमेंट सकाळच्या जेवणानंतरची मागा. खुर्चीत पाठीवर पूर्ण आडवं न होता उजव्या कमरेखाली लहान उशी ठेवून किंचित डाव्या कुशीवर राहा, म्हणजे चक्कर येणार नाही. मध्येच उठून बसावंसं वाटलं तर हात वर करा, डॉक्टर थांबतील.